साठ बाय नव्वद

खापर हे रस्त्यावरचे गाव आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर हमरस्ता गुजरातेतून महाराष्ट्रात शिरला की अक्कलकुवा येण्याआधी खापरची बाजारपेठ लागते. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेला तापीकडे उतरत जाणारे सपाट रान, पश्चिमेला सागबारा आणि पुढे डेडियापाडा. अलीकडे या पट्ट्यातून शेवाळी-नेत्रंग राष्ट्रीय महामार्ग जातो, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून अंकलेश्वर रस्ताच आहे. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेच्या यात्रेला निघालेली माणसे इथूनच सीमा ओलांडतात. राज्ये दोन असली तरी कुलदैवत एकच.

डोंगरातून खाली येणाऱ्या मालात आमचूर महत्त्वाचा. एप्रिल-मे महिन्यांत अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली घरेच्या घरे कैऱ्या उतरवणे, सोलणे, चिरणे आणि फोडी खडकावर वाळत घालणे यात गुंतलेली असतात. अवकाळी पावसाची एक सर आली तरी फोडी काळ्या पडतात आणि भाव कोसळतो. पण पाऊस आला नाही तरी भाव हातात असतोच असे नाही. ज्याला पोते उचलून मोलगी, धडगाव किंवा खापरच्या बाजारात स्वतः नेता येते, तो चार दुकाने फिरून विकतो. ज्याच्या पाड्याला गाडी पोचत नाही, तो दारात आलेला पहिला भाव घेतो. परतताना हाच माणूस घरासाठी पत्रा, सिमेंट, खिळे घेतो. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे ते सामान डोक्यावर चढवावे लागते आणि घराचा खर्च तिथेच वाढतो.

म्हणून या मुलखात घराचा प्रश्न आणि रस्त्याचा प्रश्न वेगवेगळे मांडता येत नाहीत. गेल्या पन्नास-साठ वर्षांत इथे जे पुढारपण उभे राहिले, तेही बरेचसे याच दोन गोष्टी मागता मागता घडले. कोणाची घरे किती, ती कुठल्या कागदावर आहेत, वसाहतीपर्यंत रस्ता कोणी करायचा, हे प्रश्न विचारायला शिकलेली माणसे पुढे गावाची कारभारी झाली. तो इतिहास इथल्या लोकांनी पायाखाली घातलेल्या वाटांवरून शोधावा लागतो.

त्याची सुरुवात मोजणी नसलेल्या जमिनीपासून होते. इंग्रजी अमदानीत आजच्या अक्कलकुवा-तळोदा भागात काठी, नाला, सिंगपूर, गव्हाळी, चिखली अशी मेवासी संस्थाने होती. भिल्ल आणि पावरा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर ज्वारी, भगर, तूर पेरत होते. पण खालच्या खानदेशात जशी शेताशेतांची मोजणी झाली, गटनंबर पडले, सातबारा निघाले, तसे वरच्या अनेक गावांत झालेच नाही. पुढे जंगलखात्याच्या नकाशांत याच शेतांवर वन असा शिक्का बसला आणि कसणारा ‘अतिक्रमणदार’ ठरला. आजोबाच्या हातची बांधबंदिस्ती दाखवता येते, पण कागद दाखवता येत नाही, ही या प्रदेशाची मूळ अडचण.

दळणवळणाचेही तसेच. सुरतहून जळगावकडे जाणारी तापी खोऱ्यातली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे तिने जोडली. ती नदीच्या दक्षिणेने गेली. उत्तरेच्या तळोदा-अक्कलकुव्याला रेल्वे आजही नाही. तापी ओलांडण्यासाठी प्रकाशाला वळसा घालावा लागे. हातोड्याचा पूल झाल्यावर नंदुरबार-तळोदा अंतर कमी झाले. आणि हे सगळे सपाटीवरचे. डोंगरात बैलगाडीची वाटही दुर्मीळ होती.

अशा ठिकाणी बाहेरच्यांना सहसा वाटते की लोक गप्प असतील. ते कधीच गप्प नव्हते. १९३८ च्या सुमारास तळोद्याजवळच्या मोरवड गावी गुला महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत. दारू सोडा, अंग स्वच्छ ठेवा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्या, असे त्यांचे सांगणे होते. ‘आप’ म्हणवून घेणारा माणूस सावकारापुढे पूर्वीसारखा वाकत नाही, हे सावकारांच्या आणि सरकारच्या लवकरच लक्षात आले. गुला महाराज त्याच वर्षी वारले. भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेले. या चळवळीला धार्मिक म्हणून बाजूला सारण्याची सवय इतिहासलेखनाला आहे आणि ती चुकीची आहे. एका ठिकाणी, ठरलेल्या दिवशी, बोलावणे नसताना जमण्याची सवय लोकांना या आरत्यांनी लावली.

ती सवय पुढे शहाद्यात दिसली. खालच्या काळ्या जमिनीचे मालक बदलत गेले, आदिवासी आपल्याच शेतात सालदार झाले. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला धान्यावरून आदिवासींवर गोळीबार झाला. भिल्ल समाजातून आलेले अंबरसिंग सुरतवंती तोवर गावोगाव फिरून लोकांची गाऱ्हाणी मांडत होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकरांसारखे शहरातले शिकलेले तरुण येऊन मिळाले. गावांत तरुण मंडळे झाली, शिबिरे भरली, सालदाराचा पगार आणि हातची गेलेली जमीन यांचे दावे लागले. बायकांनी शिबिरातून उठून दारूची मडकी फोडली. अंबरसिंग १९७४ साली गेले. पण एक पद्धत मागे राहिली: आधी पाहणी, मग यादी, मग मोर्चा, आणि कचेरीत बोलायला गावातलाच माणूस.

ही शेवटची गोष्ट सहज घडत नसे. श्रमिक संघटनेतूनच पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता महाराष्ट्रभर पोचली ती यामुळेच. ज्यांचे दुःख त्यांना व्यासपीठावर जागा नाही आणि तेच दुःख त्यांना वरून कोणीतरी समजावून सांगते आहे, ही तिच्यातली बोच चळवळीतल्या मित्रांसाठीही होती. संघटना बांधणाऱ्या प्रत्येकाने ती मनावर घ्यायला हवी होती, काहींनी घेतली.

दरम्यान उत्तरेच्या खोऱ्यात दुसरेच काही शिजत होते. नर्मदेवरच्या नवागामच्या धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसवली. राज्याराज्यांतला पाणीवाटपाचा तंटा सोडवायला १९६९ मध्ये लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये राजपत्रात आला. धरणाची उंची १३८.६८ मीटर ठरली. विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला मिळाला, आणि महाराष्ट्राची ३३ गावे बुडिताखाली गेली: २४ अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली, ९ अक्कलकुव्याची. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, गमण, बामणी, डनेल, मांडवा, मुखडी अशी ही नऊ नावे. तालुक्याच्या कचेरीपासून ती डोंगरांच्या पलीकडे आहेत. मणिबेलीच्या माणसाला अक्कलकुव्यापेक्षा नदीने गुजरातेतले केवडिया जवळ.

त्या निवाड्याचे एक वैशिष्ट्य होते. विस्थापितांचे काय करायचे हे त्यात कलमवार लिहिले होते. पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन जाणाऱ्या खातेदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर. सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरायचा. प्रत्येक कुटुंबाला घरासाठी साठ बाय नव्वद फुटांचा भूखंड, मोफत. शंभर कुटुंबांमागे प्राथमिक शाळा, पन्नास कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर आणि गुरांसाठी हौद, पाचशे कुटुंबांमागे पंचायत घर, दवाखाना, बियाण्याचे कोठार, तळे. आणि प्रत्येक वसाहत मुख्य रस्त्याला चांगल्या प्रतीच्या रस्त्याने जोडायची. पुढे महाराष्ट्राने सज्ञान मुलांना, इतकेच नव्हे तर सज्ञान अविवाहित मुलींनाही एकेक हेक्टर देण्याचे धोरण घेतले. त्या काळच्या मानाने ही मोठी गोष्ट होती.

हे सारे इंग्रजीत आणि सरकारी दप्तरात होते. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्यापर्यंत ते पोचले नव्हते.

१९८५ साली मेधा पाटकर या खोऱ्यात आल्या. त्या वेळी जागतिक बँकेचे ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झालेले होते आणि गावांना आपण नेमके कधी व किती बुडणार याचा पत्ता नव्हता. १९८६ मध्ये तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात नर्मदा धरणग्रस्त समिती स्थापन झाली. पहिली दोन-तीन वर्षे समितीचे काम धरणाला विरोध करण्याचे नव्हतेच. ते माहिती मागण्याचे होते. कोणते घर कोणत्या पातळीला बुडेल? देणार ती जमीन कुठे आहे? ती बघायला कधी नेता? रात्री पाड्यात कंदिलाभोवती बसून निवाड्याची कलमे आधी मराठीत आणि मग पावरी-भिलोरीत समजावली जात. साठ फूट म्हणजे किती, हे अंगणात पावले टाकून दाखवता येते. सागाचे खांब, बांबूच्या तट्ट्यांना लिंपण आणि वर कौले असे ऐसपैस घर, त्यालाच लागून गुरांचा गोठा, मागे परसात मका, अशी वहिवाट असलेल्या माणसाला तो भूखंड बरा की अपुरा, हे स्वतःच्या पावलांनी मोजल्यावर कळत होते. कायदा वाचण्याची याहून चांगली रीत सांगणे अवघड आहे.

प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत. महाराष्ट्राकडे द्यायला लागवडीची जमीनच नव्हती. अखेर १८ ऑगस्ट १९८८ रोजी तिन्ही राज्यांतल्या लोकांनी एकाच दिवशी धरणाला विरोध जाहीर केला. या तारखेआधीची वर्षे वगळून नर्मदा बचाव आंदोलनाची कहाणी सांगितली जाते, तेव्हा तिच्यातला सर्वांत शिकवण्याजोगा भाग गळून जातो. नकार नंतर आला; आधी हिशेब मागितला गेला होता.

पुढचे बरेचसे ठाऊक आहे. सप्टेंबर १९८९ चा हरसूदचा धरणविरोधी मेळावा, १९९०-९१ च्या कडाक्याच्या थंडीतला फेरकुव्याचा मुक्काम आणि उपोषण. १९९१ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातले पहिले बुडित येणार ते मणिबेलीला, म्हणून तिथे सत्याग्रह सुरू झाला. शूलपाणेश्वराच्या देवळाच्या या गावात आंदोलनाने एक झोपडी बांधली आणि तिचे नाव ठेवले ‘नर्मदाई’. तेच कार्यालय, तीच सभेची जागा. नारायणभाई तडवींसारखे मणिबेलीचे शेतकरी बाहेरून येणाऱ्या पत्रकारांशी, अधिकाऱ्यांशी, परदेशी पाहुण्यांशी बोलत. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने जून १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रकल्पाचे वाभाडे काढले. मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज न घेण्याचे भारताने कळवले. पुढच्या वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना कर्ज देणे थांबवा अशी मागणी बँकेकडे केली, आणि त्या पत्रकाला नाव दिले ‘मणिबेली जाहीरनामा’. रस्ता नसलेल्या एका गावाचे नाव वॉशिंग्टनच्या टेबलावर जाऊन पोचले.

बँक गेली, धरण वाढतच राहिले. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी अक्राणीतल्या चिंचखेडीला पोलीस बंदोबस्तात आलेल्या पाहणीला गावाने अडवले. गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा मारला गेला. पाहणी म्हणजे घरांची मोजदाद. जे काम गावाने स्वतः कंदिलाच्या उजेडात केले होते, ते बंदुकीच्या पहाऱ्यात कसे करू द्यायचे, हा त्या दिवसाचा प्रश्न होता.

सगळ्यांनी थांबायचे ठरवले नव्हते, हेही सांगायला हवे. काही कुटुंबे आधीच उठली होती. मणिबेलीची काही गुजरातेत परवेट्याला गेली, काही तळोदा तालुक्यात सोमावलला आली. महाराष्ट्राने तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर जंगल पुनर्वसनासाठी मोकळे केले. १९९० मध्ये २,७०० आणि १९९४ मध्ये १,५०० हेक्टर. कागदावर ते जंगल होते, प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच जमिनीवर स्थानिक आदिवासी आधीपासून शेती करत होते. म्हणजे एका आदिवासीला वसवताना दुसऱ्याला उठवले गेले. भाऊबंदांत तेढ पडली. या बाजूने उभे राहायचे की त्या, हे ठरवणे कोणत्याही पुढाऱ्याला सोपे नव्हते आणि त्या वर्षांतली कटुता अजून पुरती गेलेली नाही.

वसाहतींत आलेल्यांची लढाई वेगळी होती. तिथे घोषणा कमी आणि अर्ज जास्त. विहिरीला पाणी नाही, भूखंड मिळाला पण मोजून दिला नाही, पावसाळ्यात मुख्य रस्त्यापासून वसाहतीपर्यंत चिखल. सोमावल, नर्मदानगर, रेवानगर, रोझवा, वडछील या वसाहतींनी निवाड्यातली तीच यादी पुढे करून एकेक सुविधा मागितली. पन्नास कुटुंबांमागे एक विहीर असे लिहिलेले असेल, तर वसाहतीत कुटुंबे किती आहेत हे आधी सिद्ध करावे लागते. आणि इथेच महाराष्ट्रातल्या नर्मदेच्या लढ्याचा सगळ्यात जिव्हाळ्याचा शब्द येतो: ‘अघोषित’. सरकारने ज्याला बाधित म्हणून मान्य केले तो घोषित. ज्याचे नाव यादीत नाही तो अघोषित. जमीन मोजलेली नाही, बाप खातेदार आहे पण मुलगा सज्ञान झाल्याचा दाखला नाही, नावात चूक आहे, शेत पाण्याखाली जाते पण घर टेकडीवर उरते म्हणून ‘टापू’ ठरले. अशा अनेक कारणांनी माणसे यादीबाहेर राहिली.

१८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाचा मार्ग मोकळा केला, पण पुनर्वसनाची अट कायम ठेवली. आंदोलन संपले असे तेव्हा अनेकांना वाटले. सातपुड्यात काम उलट वाढले. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पुनर्वसन अपुरे आहे हे तिच्या अहवालात आले. त्यानंतर कृती दल नेमले गेले. महसूलचे कर्मचारी, आंदोलनाचे कार्यकर्ते आणि गावकरी एकत्र बसून गावोगाव यादी तपासू लागले. आठ वर्षांपूर्वी जी पाहणी बंदुकीच्या पहाऱ्यात करायला आले होते, ती आता गावाच्या समोर, नावे मोठ्याने वाचून होऊ लागली. आंध्रात, ओडिशात, खुद्द महाराष्ट्रात कोयनेपासून किती धरणे झाली. विस्थापितांनी आपली यादी स्वतः शासनाबरोबर बसून दुरुस्त केल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. निमगव्हाणचे केशवभाऊ वसावे यांच्यासारखे शेतकरी या काळात मुंबईच्या मंत्रालयात अधिकाऱ्यांसमोर बसून जमिनीच्या प्रतीबद्दल, मोजणीबद्दल बोलत. ते बोलणे विनंतीचे नसे. त्यांच्याकडे गावाचा हिशेब असे.

हे बोलणे आले कुठून? थोडे अंबरसिंगांच्या काळापासूनच्या सवयीतून, थोडे ‘लाह’च्या रीतीतून. कोणाचे घर उभारायचे असले की पाडा गोळा होतो, खांब रोवतो, छप्पर चढवतो, आणि मजुरीऐवजी जेवण होते. उद्या दुसऱ्याच्या घराला हेच. ज्या समाजात घरबांधणी हेच सामूहिक काम आहे, तिथे घराच्या हक्कासाठी जमणे ही नवी शिकवण नव्हती. नवे होते ते लिहिणे-वाचणे. ती उणीव भरून काढायला १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाणला पहिल्या जीवनशाळा निघाल्या. सरकारी शाळा कागदावर होत्या. गुरुजी पावसाळ्यात पोचत नसत. गावाने बांबू-मातीची शाळा स्वतः बांधली, शिक्षक जवळचेच तरुण, आणि शिकवणे आधी मुलांच्या बोलीत. त्यांच्या अभ्यासात नदी, जंगल, आपल्या गावाची माहिती आली आणि जमिनीचे कागदही आले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच एका बसमध्ये घडले होते. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात जॉन्स आयलंडवरून चार्ल्स्टनला मजुरांना नेणारा इसॉ जेन्किन्स हा कृष्णवर्णीय बसमालक प्रवासात लोकांना राज्यघटनेची कलमे म्हणायला शिकवत असे, कारण ती वाचता आल्याशिवाय मतदार म्हणून नाव लागत नव्हते. त्यातून १९५७ मध्ये सेप्टिमा क्लार्क आणि हायलँडर फोक स्कूल यांच्या मदतीने तिथे नागरिकत्वाची शाळा निघाली आणि पुढे तशा शाळा दक्षिणेत पसरल्या. रोझा पार्क्स मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये जागेवरून उठल्या नाहीत त्याआधी काही महिने त्याच हायलँडरच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्या शहरातला बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला, तो घराघरांतून गाड्या लावून लोकांना कामावर पोचवणाऱ्या शेकडो सामान्य माणसांच्या बळावर. सातपुड्यातल्या आणि कॅरोलायनातल्या माणसांना एकमेकांची नावेही माहीत नव्हती, तरी दोघांची सुरुवात रोज अडवणाऱ्या गोष्टीपासून झाली आणि तिचा कायदा वाचता येईपर्यंत दोघे थांबले नाहीत.

पाणी चढले तसा वर राहिलेल्या गावांचा रस्त्याचा प्रश्न आणखी बिकट झाला. नदीकाठाने चालत जायच्या वाटा जलाशयात गेल्या. टेकड्यांची बेटे झाली. आता लाँच हवी, बार्ज हवी, आणि डिझेल संपले की गावच्या गाव अडकते. शासनाने तरंगता दवाखाना सुरू केला. नर्मदेच्या पात्रातून तो गावागावाला लागतो. बोट जिथे पोचत नाही तिथे आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून दोघे-चौघे आळीपाळीने खांदा देत डोंगर उतरवतात. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई अशा झोळीतून किती तास जाते, ते मोलगीच्या दवाखान्यातल्या परिचारिकांना चांगले माहीत आहे. झोळीची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत छापली जातात. त्या छायाचित्रांनी कळवळा येतो; रस्ता मात्र अंदाजपत्रकातल्या लेखाशीर्षाने येतो, आणि तिथे पुन्हा मोजदादीशी गाठ पडते.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवरच्या पाचशे लोकवस्तीच्या वस्त्या धरल्या होत्या. आदिवासी अनुसूचित क्षेत्रासाठी ही अट अडीचशेवर आणली. सवलत चांगलीच होती. पण सातपुड्यातले गाव एका ठिकाणी नसते. दहा घरे या टेकडीवर, पंधरा त्या नाल्यापलीकडे, मध्ये अर्ध्या तासाची चढण. महसुली गावाची लोकसंख्या हजारावर असली तरी एकेक पाडा अडीचशेत बसत नाही. रस्ता गावठाणाला पोचला की गाव जोडले गेल्याची नोंद होते आणि पाडे तिथेच राहतात. घरकुलाचेही असेच. प्रधानमंत्री आवास योजनेत डोंगरी भागाला १ लाख ३० हजार रुपये मिळत आले, सपाटीपेक्षा दहा हजार जास्त. खापरहून निघालेली वाळू, विटा आणि सिमेंट ट्रॅक्टर जिथे थांबतो तिथून माणसांच्या डोक्यावर जाते, तेव्हा हे दहा हजार वाहतुकीतच जातात. घर मंजूर आणि पायाच भरलेला, अशी अवस्था आळसामुळे आलेली नसते.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी अलीकडे दोन दारे ठोठावली आहेत. एक वनहक्क कायद्याचे. २००६ च्या या कायद्याने ‘अतिक्रमणदार’ हा शिक्का पुसण्याची सोय झाली. दाव्यांसाठी लोकसंघर्ष मोर्चाने नोव्हेंबर २०१८ मध्ये ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत हजारो आदिवासींना चालत नेले. प्रतिभा शिंदे यांच्या नेतृत्वाखालच्या त्या मोर्चात खानदेशातली माणसे मोठ्या संख्येने होती. दुसरे दार पेसा कायद्याचे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या पेसा नियमांनुसार अनुसूचित क्षेत्रातला पाडा स्वतःला वेगळे गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो. पाड्यातल्या बहुसंख्य मतदारांनी ठराव करायचा, तो प्रांताधिकाऱ्यांकडे पाठवायचा, आणि मान्यता मिळाली की त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा. तिचा आराखडा वेगळा, तिची यादी वेगळी. पाड्यांना जोडण्यासाठी राज्याने भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजनाही आणली आहे. तिच्यात आपला पाडा बसवायचा तर आधी तो पाडा कागदावर असावा लागतो.

या ठरावांना जोडायच्या कागदांत घरांची संख्या, माणसांची नावे, पाण्याची जागा, जवळच्या रस्त्यापासूनचे अंतर हे सगळे लागते. जीवनशाळेत पहिल्या वर्षी बसलेली मुले आज चाळिशीला आली आहेत. त्यांतली काही त्याच शाळांत शिक्षक आहेत. निवाड्यातला साठ बाय नव्वदचा भूखंड ज्या कुटुंबाला वसाहतीत मिळाला, तिथे आता तीन मुलांची तीन घरे आहेत, आणि तिसऱ्या पिढीला भूखंड कुठून द्यायचा हा प्रश्न तळोद्याच्या वसाहतींच्या ग्रामसभांपुढे आहे. वसाहत झाली त्या वेळी अल्पवयीन असलेल्यांची वाढीव कुटुंबे, त्यांच्यासाठी गावठाणाची मागणी आणि वसाहतीतल्या रस्त्यांची दुरुस्ती अशी नवी यादी पुन्हा घरोघर फिरून करावी लागणार आहे.